कोरडी बैठक

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी भगत, कोणी अंगारेवाला बाबा शिरला का चौकातलेच लोक त्याले सांगत, "महाराज, आगे मत जाव, आगे तुलसीराम का घर है." अन् तो बिचारा तिथूनच वापस जाय.

तुळशीराम खोब्रागडे. रायपूरजवळ उरल्याच्या कारखान्यायत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवे. बाप भंडाऱ्याकडून रायपूरले मजुरीसाठी आला होता. हा इथंच जन्मला, इथंच वाढला, पण मराठी अशी बोले का जसा कालच गाडीतून उतरला. मी त्याच्या भिंतीले भिंत लागून राहते. माझे यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. म्हणून सांगते, मी बोलून राहिली ते हवेतलं नाही बाप्पा. पुष्कळसं या डोळ्यानं पाह्यलं, बाकीचं त्याच्या बायकोनं, मीराबाईनं, माझ्या ओट्यावर बसून सांगतलं.

एकदा एक मोरपिसवाला बाबा आला. लेकराबाळायची नजर उतरवून राहिला होता. तुळशीरामनं त्याले घरात बोलावलं, चहा पाजला अन् विचारलं, "बाबा, तुमचा गाल काहून सुजला?" बाबा म्हणे, दाढ दुखून राहिली. "मग आधी तिची नजर उतरवा ना!" सारा पारा हासला. बाबा अर्धा चहा ठेवून पळाला. असा होता आमचा तुळशीराम. देव नाही, पूजा नाही, गंडा-दोरा नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. विहारात कोणाचंही लग्न लागो, बोलायले त्यालेच उभं करत. लोकं म्हणत, तुळशीरामनं हो म्हणलं ना, मग पाहायचं काम नाही. पुढं सारा घात झाला तो या एका गोष्टीनंच.

त्याले दोन लेकरं. मोठा धम्मदीप, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. त्याले मराठी सारी समजे, पण जवाब हिंदीतच दे. अन् लहानी रीना, कॉलेजात शिके. रीनाले सिकलसेल. आमच्या लोकायत हा आजार घरोघरी सापडते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, अन् मग हाडं अशी दुखतात का धडधाकट माणूसही जमिनीवर लोळेल. डॉक्टरनं सांगतलं होतं, रोजची गोळी चुकवायची नाही अन् पाणी भरपूर पेत राहायचं. पाणी कमी झालं का दुखणं उठलंच म्हणून समजा.

म्हणून तुळशीराम ड्यूटीवरून आला का मोटरसायकल उभी करायच्या आधी गल्लीतूनच आरोळी मारे, "रीना, पाणी पेली का?" आतून आवाज ये, "हव पापा, पेली!" रोज. अंगावर मिलची काळी धूळ, डोळे लाल, पण आरोळी पहिले. आम्ही म्हणत होतो, चला, खोब्रागड्याची शिफ्ट सुटली, भात टाका.

मग भार्गव सर आले.

बाबा नव्हता तो, हेच तर सांगून राहिली! पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, चष्मा, गुळगुळीत दाढी. म्हणे मले सर म्हणा, निस्तं भार्गव म्हणा, पण महाराज म्हणू नका, मले त्या शब्दाची चीड आहे. वर्ध्याकडची मराठी. देव नाही, मूर्ती नाही, उदबत्तीही नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजी, अन् आपणही सतरंजीवरच बसे. श्वास पाहा, म्हणे, वेदना पाहा, साक्षी व्हा, बस एवढंच. 'साक्षी केंद्र' नाव ठेवलं. ध्यान म्हणजे तर आपल्या बुद्धाचंच, मग त्यात वाईट काय, असं वाटलं लोकायले. दुधानं तोंड पोळलं का माणूस ताक फुंकून पेते म्हणतात. तुळशीरामनं जिंदगीभर ताक फुंकलं, अन् उकळतं दूध एका घोटात पेऊन टाकलं, काहून का त्याची वाफ दिसत नव्हती.

अन् हो, खरं ध्यान शिकवणारेही मी पाह्यले आहेत. ते पहिले विचारतात, कोणती दवाई चालू आहे? अन् सांगतात, बंद करू नका. या माणसाची गोष्टच वेगळी होती.

खोटं काहून बोलू, सुरुवातीले फायदाही झाला. शिफ्टा करून करून झोप उडालेल्या माणसायले झोप लागाले लागली. एकादोघायची दारू सुटली. सरले सगळ्यायची नावं पाठ. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची पोट्टी सासरून वापस आली, सारं त्याले ठाऊक. घरी ये, खाली बसे, ऐकून घे. आता मले सांगा, आमच्यासारख्यायचं ऐकून घेते कोण? मिलचा मालक? ऑफिसातला बाबू? आमचे पोट्टे तर हिंदीत दोन शब्द फेकतात अन् मोबाइलात घुसतात. तिथं एक शिकलेला माणूस मराठीत विचारते, "तुळशीरामभाऊ, आज मन कसं आहे?" मायबाई, जिंदगीत कोणी त्याले असं विचारलं नव्हतं. पाघळला तो. अन् तुळशीराम गेला म्हणून सारा पारा गेला.

मीही एकदा गेली होती. सारे डोळे मिटून बसले होते, अन् शेवटी 'मन मोकळं' नावाचा प्रकार. एकेकानं उठायचं अन् सगळ्यायसमोर आपल्या घरातली लपवलेली गोष्ट सांगायची. एक जण उठला, सासूले शिव्या देल्या म्हणून रडला. दुसरी उठली, नवऱ्याचं सारं काढलं. सर मान हालवून राहिला होता. माझी पाळी आली तर मी म्हणलं, "सर, पहिले तुम्ही सांगा ना तुमच्या घरचं." अन् मले हासू आलं. झालं! सर शांतपणे म्हणे, "वैनी अजून झोपेत आहेत. झोपलेल्यायले दोष देऊ नका, पण त्यायच्याजवळ बसूही नका." दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर बायका यायच्या बंद. अन् ज्यायनं मन मोकळं केलं ते तर पक्के अडकले. जाणार कुठं? सगळ्यायच्या घरच्या कुलुपाची चाबी त्याच्या खिशात.

हळूहळू विहारात जाणं सुटलं. मग झोपलेल्या नातेवाइकायकडं जाणं सुटलं. तुळशीराम पहिल्या रांगेतला साधक झाला. लोकं त्याच्याकडं पाहून मान डोलवत, अन् त्याले ते आवडे. क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसणारा माणूस, त्याले पहिल्यांदा इतके लोक पाहून राहिले होते.

रीना कशी अडकली, ते ऐका. पोट्टी हुशार होती, बापासारखीच फटकळ. पण लग्नाचं बोलणं आलं का पाहुणे पहिले रक्ताचा रिपोर्ट मागत. रिपोर्ट पाह्यला का चहा पेऊन उठत. कॉलेजातही तेच, सहलीले नेत नसत, जबाबदारी कोण घेईन म्हणत. घरात रोज गोळी, पाणी, स्वेटर, सांभाळ. अन् सर तिच्या डोळ्यात पाहून म्हणला, "रीना, तू आजारी नाहीसच. तुले आजारी म्हणून म्हणून आजारी केलं." ती माझ्याकडं पळत आली होती, गाल लाल. "काकू, सर कहते हैं मैं बीमार नहीं हूँ!" मी म्हणलं, "पोट्टे, गोळी घे अन् गप बस." तिचा चेहरा पडला. मग ती माझ्याकडं यायची बंद झाली.

गोळी बंद केली. अन् नशीब पाहा, काही महिने दुखणं उठलंच नाही. या आजारात असं होते, कधी महिनोन् महिने शांत राहते. पण सरनं तिले सगळ्यायपुढं उभं केलं. पाहा, म्हणे, साक्षीचा पुरावा. तुळशीरामच्या डोळ्यात पाणी. धम्मदीप तेवढा घरात भांडला, "पापा, आप पागल हो गए हो क्या? डॉक्टर को पूछो तो!" तर बापानं त्याले घराबाहेर काढलं. पोट्टा दुकानात झोपाले लागला.

अन् गल्लीतली आरोळी बंद झाली. मोटरसायकल येई, उभी राही, दार वाजे. बस. सरनं सांगतलं होतं, सारखं विचारणं म्हणजे तिले आजाराची आठवण करून देणं. मी भात टाकायची वेळ चुकाले लागली.

मग उन्हाळा. नवतपा लागलेला, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, त्यात रायपूरचं ऊन, अंगणात अनवाणी पाय ठेवला तर फोड यावा. अन् अशा दिवसात त्या मेल्यानं 'कोरडी बैठक' काढली. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मौन, अन् जे दुखेल ते पाहायचं. टिनाच्या छताखाली. रीना पहिल्या रांगेत, बापाच्या बाजूले.

दुपारी तिची कंबर दुखाले लागली. मग पाय, मग छाती. ती कण्हली. सर म्हणे, पाहा. ती म्हणली, "पापा, पानी." मौन मोडलं म्हणून सारे वळून पाहाले लागले. सर हासून म्हणला, "तुळशीरामभाऊ, तुम्हीच सांगा तिले." तुळशीरामनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणला, "पाह्य बेटा. निस्तं पाह्य. जाईल ते."

तिनं पुन्हा मागतलं. मराठीत मागतलं या वेळी. "पापा, पाणी द्या ना."

मीराबाई मागच्या रांगेत बायकांत होती. माठ कोपऱ्यात झाकलेला. ती उठली, ग्लास हातात घेतला. बाजूच्या बायकांनी तिचा हात धरला, "ताई, पोरीची साधना नका मोडू." ती बसली.

पोरगी आडवी पडली तेव्हा कोणीतरी धम्मदीपले फोन केला. त्यानं दाराले लाथ मारली, बहिणीले उचललं, ऑटोत टाकलं. ऑटो माझ्या दारावरून गेला. तिचे ओठ मी पाह्यले, वाळलेले, पांढरे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "दवा कब से बंद है? पानी क्यों नहीं दिया?" नळ्या लावल्या, रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला. छातीत भरलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टी गेली.

आता कोणालेही वाटेल, इथं तरी तुळशीरामचे डोळे उघडले असतील. हाच तर आपला गैरसमज! माणसानं इतकी मोठी किंमत देली का मग तो वस्तूले खोटी म्हणू शकत नाही. खोटी म्हणलं तर पोरगी कशासाठी गेली? आमच्यात तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन असते, त्या दिवशी सर उभा राहिला अन् म्हणला, "रीना शेवटपर्यंत साक्षी राहिली असती तर वाचलीही असती. तिले बैठकीतून उचलून नेलं." चोर सोडून संन्याशाले फाशी! सारे धम्मदीपकडं पाहाले लागले. अन् तुळशीराम, सख्खा बाप, त्यानं मान हालवली. मले वाटलं, उठून दोन कानाखाली लावावी. सरच्याही अन् याच्याही. धम्मदीप त्याच दिवशी भिलाईले निघून गेला. त्यानं पोलिसात अर्ज देला होता. पोट्टी सज्ञान होती, आपल्या मर्जीनं बसली होती, असं पोलिसायनं लिहून ठेवलं अन् अर्ज कुठंतरी पडून राहिला.

मीराबाईनं केंद्रात पाय ठेवणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. निस्तं एक केलं. आमच्यात घरात कोणी बाहेरून आलं का पहिले पाण्याचा ग्लास हातात देतात, मग तो शत्रू का असेना. मीराबाईनं नवऱ्याले पाणी देणं बंद केलं. भाकरी करून दे, भाजी वाढे, कपडे धुवे. पण ग्लास नाही. ताटाजवळची पाण्याची जागा रिकामी. तो आपला उठे, माठातून आपलं घे. पहिले पहिले त्याले कळलंच नाही. कळलं तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही.

तुळशीराम मात्र तसाच केंद्रात जात राहिला, पहिलेपेक्षा जास्त. सरचा उजवा हात झाला. अन् मग एक दिवस सरच्या पोटात दुखाले लागलं. मूतखडा. केंद्रातले दोनचार खास लोक त्याले गुपचूप शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, पाऱ्यातल्या कोणाले कळू नये म्हणून. खाटेजवळ बसायले सगळ्यात भरवशाचा माणूस पाह्यजे होता. बसवलं तुळशीरामले.

तो घरी आला तेव्हा दुपार होती. मोटरसायकल दवाखान्यातच विसरला होता. उन्हातून चालत आला. माझ्या ओट्यावर बसला, कितीतरी महिन्यानं. तोच बोलला.

"वैनी, सर खाटेवर लोळून राहिला होता. नर्सले शिव्या देऊन राहिला होता. इंजेक्शन दे म्हणे, लवकर दे, मरून राहिलो मी. मी म्हणलं, सर, पाहा. त्यानं मले आईवरून शिवी देली."

"मग?"

"मग पाणी मागतलं. अन् मी देलं, वैनी. मी धावत जाऊन देलं."



पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. 'मन मोकळं' चालू होतं, सर दवाखान्यातून येऊन गादीवर बसलेला. आता सतरंजीच्या जागी गादी आली होती. तुळशीरामनं भाषण केलं नाही. एवढंच म्हणला, "सरच्या पोटात दुखलं, त्यायनं इंजेक्शन घेतलं. पाणी मागतलं, मी देलं. माझ्या पोरीनं मागतलं, मी नाही देलं." अन् चपला हातात घेऊन बाहेर निघाला.

तुम्ही म्हणाल, मग केंद्र त्याच दिवशी बंद पडलं असेल. कशाचं! काहीजण त्याच्याच अंगावर धावले. सर म्हणला, पोरीच्या दुःखानं माणूस भ्रमिष्ट होते. पण तुळशीरामच्या ज्या शब्दावर लोक आत गेले होते, तोच शब्द आता बाहेरून ऐकू येत होता. पहिले मागच्या रांगेतले बहाण्यानं आजारी पडाले लागले, कोणाची शिफ्ट बदलली, कोणाकडं पाहुणे आले. कोणी म्हणलं नाही का मी सोडलं म्हणून. लाज वाटते ना, सोडलं म्हणायची. मग पुढच्या रांगेतही जागा दिसाले लागल्या. एका बाईनं गुपचूप शुगरची गोळी पुन्हा चालू केली, तिनं दुसरीले सांगतलं. शेवटी सर वर्ध्याले आराम कराले जातो म्हणून गेला, तो आलाच नाही. आता तिथं टायरचं दुकान आहे. ऐकलं, दुसऱ्या कोणत्या शहरात दुसऱ्या नावानं सतरंजी टाकून बसला आहे. बसला असेल. ऐकून घेणारा माणूस पाह्यजे असणारे लोक कुठं कमी आहेत?

या उन्हाळ्यात तुळशीरामले लू लागली. बाबासाहेबांच्या जयंतीपासून तो चौकात विहाराच्या पाणपोईवर उभा राहे, भर उन्हात, ड्यूटी करून आल्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून बोलावून पाणी पाजे. एकदा एक कॉलेजची पोट्टी "नहीं अंकल, प्यास नहीं है" म्हणून चालाले लागली, तर यानं तिचा हातच धरला. पी बेटा, म्हणे, पी, थोडं तरी पी. पोट्टी घाबरून ओरडली. लोकायनं त्याले ओढून बाजूले केलं. तिथंच चक्कर येऊन पडला.

मी पाहाले गेली तेव्हा तो खाटेवर होता, अंग तव्यासारखं तापलेलं. मीराबाई जमिनीवर भिंतीले टेकून बसली होती. तो डोळे मिटूनच म्हणला, "पाणी."

मीराबाई हालली नाही. मी उठली, तर तिनं माझं लुगडं धरलं.

"बसा वैनी. पाहू द्या त्याले."

मले राग आला. मी म्हणलं, "मीरा, पुरे आता. माणूस मरून राहिला."

"तिनंही मागतलं होतं," ती म्हणली. "मी उठली होती, वैनी. ग्लास होता माझ्या हातात. अन् मी बसली." मग तिले रडू फुटलं. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा. मले तेव्हा कळलं, त्याले पाणी देत नव्हती, पण शिक्षा एकट्या त्याची नव्हती. तिच्याही ताटाजवळ मी कधी ग्लास पाह्यला नव्हता.

खाटेवरून आवाज आला. ताप डोक्यात चढला होता, कुठं आहे ते त्याले ठाऊक नव्हतं. पण आवाज मोठा, गल्लीतून मारावा तसा.

"रीना, पाणी पेली का?"

भिंतीपलीकडं माझ्या घरात हा आवाज किती दिवस आला नव्हता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, जसं काही आतून कोणी जवाब देईल.

मीराबाई उठली. माठातून ग्लास भरला. आमच्यात फोटोपुढं मेणबत्ती लावतात, फूल ठेवतात. घास-पाणी ठेवत नाहीत. ते आपण धम्म घेतला तेव्हाच सोडलं. तुळशीरामनंच अर्ध्या पाऱ्याले सोडायले लावलं होतं. मीराबाईनं भरलेला ग्लास रीनाच्या फोटोपुढं ठेवला.

"आधी तिले," ती म्हणली.

थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग तोच ग्लास उचलला, खाटेजवळ आली, अन् नवऱ्याचं डोकं आपल्या हातावर घेतलं.